‘गॅस दिला’ म्हणजे चेतापेशीत नेमकं काय होतं?

अबोली
३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं हेच काम करते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात: सुई देणार की गॅस, मध्येच जाग आली तर, भूल उतरलीच नाही तर. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी वेगळंच विचारलं. जन्मभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस. म्हणाले, “बाई, गॅस तर छातीत जातो. मग डोकं कसं बंद पडतं? वायर कुठली तोडता?” मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण घरी येईपर्यंत ते मलाच अपुरं वाटत राहिलं. म्हणून हा धागा.

वायर आम्ही तोडत नाही. दाताचा डॉक्टर हिरडीत सुई देतो, ते खरं वायर तोडणं. लिग्नोकेन चेतातंतूतली सोडियमची चॅनल बुजवतं, निरोप पुढे जातच नाही, ओठ लाकडासारखा होतो. गॅसच्या भुलीत तंतू निरोप नेतच असतात. पेशंट गाढ असतानाही चीर दिली की नाडी वाढते, बीपी उसळतं. म्हणजे खबर आत पोचली. पोचल्यावर मेंदूत तिचं जे व्हायचं, ते मात्र होत नाही.

चेतापेशीच्या आत बाहेरच्या मानाने साधारण ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतभार असतो. पेशीच्या पटलात प्रथिनांची बारीक दारं असतात, तीच आयन चॅनल. सोडियम आत आला की पेशी पेटते आणि निरोप सुटतो. पोटॅशियम बाहेर गेला किंवा क्लोराईड आत आला की ती शांत राहते. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही आमची रोजची औषधं या दारांच्या अंगातल्या फटींत जाऊन बसतात.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो गाबा रिसेप्टरचा. पाच तुकडे गोलाकार उभे, मधोमध क्लोराईडची वाट. गाबा नावाचं रसायन दोन ठिकाणी येऊन बसलं की दार उघडतं आणि लगेच मिटतं. गॅसचा रेणू गाबाच्या जागेवर बसत नाही. तो पटलात रुतलेल्या भागात, प्रथिनाच्या पिळांमधल्या खळग्यात शिरतो. मग उघडलेलं दार मिटायला वेळ लावतं. फरक मिलिसेकंदांचाच, पण दर वेळी क्लोराईड दुप्पट-तिप्पट वेळ आत येत राहतो, आणि असं कोट्यवधी चेतासंधींवर एकदम होतं. १९९७ साली या खळग्याजवळची दोन अमिनो आम्लं संशोधकांनी मुद्दाम बदलून पाहिली. त्यांतलं योग्य एक जरी बदललं, तरी एन्फ्लुरेन या भुलीच्या गॅसचा त्या चॅनलवरचा परिणाम जात होता. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि वाचनालयातून उठून बाहेर फिरून आले, इतकं ते मला भिडलं होतं.

दुसरी दारं पोटॅशियमची. टास्क आणि ट्रेक अशी त्यांची नावं. ही न्हाणीघरातल्या मोरीसारखी, थोडं थोडं पाणी जातच असतं. गॅस आला की मोरी रुंद होते आणि पेशी पेटायला लागतो तेवढा विद्युतभार साठतच नाही. याचा पहिला सुगावा लंडनमध्ये फ्रँक्स आणि लीब या दोघांना १९८८ साली तळ्यातल्या गोगलगाईच्या चेतापेशींत लागला. हॅलोथेन हा भुलीचा गॅस दिल्यावर एरवी आपोआप टिकटिकणारी पेशी गप्प झाली, कारण पोटॅशियमचा एक वेगळाच प्रवाह सुरू झाला होता.

तिसरं, पेशीला पेटवणारी दारं मंदावतात. ग्लुटामेट या पेटवणाऱ्या रसायनाचा एनएमडीए रिसेप्टर, निकोटिनिक रिसेप्टर, आणि चेतातंतूच्या टोकाशी असलेली सोडियमची काही चॅनल.

आजोबांना आता मी सांगेन की वायर एकही तुटत नाही, घरभरच्या शेकडो बटणांचा दाब थोडा थोडा बदलतो. आणि त्यातलं एकही बटण एकटं मेंदूला झोपवत नाही.

सह्याद्रीवारा
३ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, छान लिहिलंय. एक शंका. मी केमिकल इंजिनीअर आहे. आम्हाला शिकवलं होतं की जो वायू तेलात जास्त विरघळतो तो जास्त गुंगी आणतो, आणि तो पेशीच्या पटलातल्या मेदात शिरून ते सैल करतो. मग ही चॅनलची गोष्ट आली कुठून?

अबोली
४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

तुमचं बरोबर आहे, शंभर वर्षं हेच शिकवलं गेलं. मायर यांनी १८९९ मध्ये आणि ओव्हर्टन यांनी १९०१ मध्ये वेगवेगळं काम करून हेच दाखवलं. ऑलिव्ह तेलात किती विरघळतं यावरून औषधाची ताकद सांगता येते. नियम आजही बऱ्यापैकी खरा ठरतो. चूक होती ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

पटल सैल होऊन गुंगी येत असेल, तर नुसत्या तापानेही यायला हवी. गॅसमुळे पटलात जेवढा फरक पडतो, तेवढा अंग एखाद्या अंशाने तापलं तरी पडतो. १०२ ताप आलेल्या माणसाचं ऑपरेशन कुणी बिनभुलीचं करत नाही.

दुसरं, अल्कोहोलची साखळी वाढवत नेली की तेलातली विद्राव्यता वाढतच जाते, पण बारा-तेरा कार्बनच्या पुढे गुंगी आणण्याची ताकद अचानक संपते. तेलाला रेणूच्या लांबीचं सोयरसुतक नाही. खळग्याला आहे, लांब रेणू त्यात मावत नाही.

तिसरं मला सगळ्यात पटणारं. आयसोफ्लुरेनचे रेणू दोन प्रकारचे असतात, डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले. तेलात दोन्ही सारखेच विरघळतात. १९९१ साली फ्रँक्स आणि लीब यांनी गोगलगाईच्याच पेशींवर दाखवलं की चॅनलवर त्यातला एक दुसऱ्यापेक्षा जास्त चालतो. डावा हातमोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तसं. हातमोजा म्हटला की त्याला आकार आला, आणि आकार प्रथिनाला असतो.

त्याआधी १९८४ मध्ये याच दोघांनी काजव्याला उजेड देणारं ल्युसिफरेज नावाचं प्रथिन घेतलं होतं. त्यात मेदाचा अंश नाही. तरी भुलीची औषधं घातली की उजेड मंदावत होता, आणि ज्या प्रमाणात माणूस झोपतो त्याच प्रमाणात. मग तेलाचा नियम चालतो कसा? प्रथिनातला तो खळगा आतून तेलकट आहे, एवढंच.

पिपेटवाला
४ ऑगस्ट, दुपारी २:३०

नमस्कार. मूळचा कोल्हापूरचा, सध्या जर्मनीत चेतापेशींवर काम करतो. अबोलीताईंनी जे सांगितलं ते आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून थोडं लिहितो.

काचेची नळी तापवून ओढायची, टोक साधारण एक मायक्रॉनचं. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक उंदराच्या मेंदूच्या कापातल्या एका पेशीला अलगद टेकवायचं आणि नळीच्या मागच्या टोकाने तोंडाने किंचित ओढून घ्यायचं. पटल काचेला असं चिकटतं की मधून विद्युतप्रवाह गळत नाही. मग पेशीत येणारे-जाणारे आयन पडद्यावर रेघ होऊन दिसतात. याच तंत्राला १९९१ चं नोबेल मिळालं, नेहर आणि साकमान यांना.

पडद्यावर गाबाचा प्रवाह म्हणजे एक खोल दरी. खट्कन खाली, मग हळूहळू वर. पेशीभोवतीच्या द्रावणात आयसोफ्लुरेन मिसळलं की दरीचा उतरता कडा तसाच राहतो, चढणारा कडा मात्र लांबच लांब पसरतो. ती पसरलेली रेघ म्हणजे दार मिटायला झालेला उशीर. औषध धुऊन काढलं की काही मिनिटांत दरी पुन्हा पहिल्यासारखी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आईच्या ऑपरेशनची आठवण झाली होती. तिच्या मेंदूत त्या वेळी हेच चाललं होतं.

एक व्यावहारिक गोष्ट. हे औषध साध्या प्लास्टिकच्या नळीतून निसटून जातं. नळ्या टेफ्लॉनच्या आणि सिरिंज काचेची वापरावी लागते. नाहीतर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पेशीपर्यंत पोचतच नाही.

सह्याद्रीवारा, मेदाची गोष्ट पूर्ण मेलेली नाही. २०२० मध्ये एक शोधनिबंध आला. पटलात मेदाचे घट्ट पुंजके असतात, त्यांत पीएलडी-२ नावाचं एन्झाइम अडकलेलं असतं. क्लोरोफॉर्म किंवा आयसोफ्लुरेनने पुंजके विस्कटतात, एन्झाइम सुटतं आणि ट्रेक चॅनलकडे जाऊन ते उघडतं. म्हणजे सुरुवात मेदात, शेवट चॅनलमध्ये. मला हे काम महत्त्वाचं वाटतं. पण गाबाच्या खळग्यातला पुरावाही तेवढाच भक्कम आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

केतकी_पान
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लाजाळूचं झाड ईथरच्या वाफेत ठेवलं होतं. थोड्या वेळाने पानाला बोट लावलं तरी ते मिटेना. वाफ काढून टाकली आणि झाड परत लाजू लागलं. लाजाळूला मेंदू नाही, चेतापेशी नाहीत. मग तिथे भूल कशाला लागते?

(हा प्रयोग कुणीही मुलांसोबत करू नये. ईथर ठिणगीसरशी पेट घेतं.)

अबोली
४ ऑगस्ट, रात्री १०:२०

केतकीताई, चेतापेशी नसल्या तरी विद्युतलहर लाजाळूतही असते. बोट लागलं की आयन आत-बाहेर होतात, लहर देठाच्या बुडाशी पोचते, तिथल्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि पान मिटतं. २०१८ मध्ये हे नव्याने तपासलं गेलं. माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये ईथर दिल्यावर ती विद्युतलहरच उठत नव्हती. म्हणजे ज्या सजीवाच्या पेशी दारं उघडून-मिटून निरोप देतात, तो या वायूंपुढे थबकतो. म्हणूनच मला वाटतं की ‘झोप’ हा शब्द या सगळ्याला तोकडा पडतो. आम्हीसुद्धा पेशंटला “आता झोप लागेल” म्हणतो, कारण घाबरलेल्या माणसाला तेवढंच पुरतं. पण झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठतो.

नदीकाठ
५ ऑगस्ट, सकाळी ११:००

एकच एक चॅनल नसेल, तर ज्या उंदरांत ते चॅनलच काढून टाकलंय ते जागे राहतात का? असे प्रयोग झालेत ना?

पिपेटवाला
५ ऑगस्ट, दुपारी १:४५

झालेत, आणि म्हणूनच अबोलीताई ‘एकटं बटण नाही’ म्हणतात. २००४ मध्ये ट्रेक-१ नसलेले उंदीर तयार केले. त्यांना क्लोरोफॉर्म, हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन जास्त द्यावं लागलं, पण दिल्यावर ते गुंगलेच. २००३ मध्ये गाबा रिसेप्टरच्या बीटा-३ तुकड्यात एकच अमिनो आम्ल बदललं. शिरेतून देतात त्या प्रोपोफॉल आणि एटोमिडेटला असा उंदीर फारच कमी दाद देतो, पंजाला चिमटा काढला तर तो ओढून घेतो. गॅसच्या बाबतीत फरक पडला तो थोडासा.

कारण प्रमाणात आहे. प्रोपोफॉल रक्तात मायक्रोमोलर पातळीला काम करतं. आयसोफ्लुरेनला ०.३ मिलिमोलरच्या आसपास लागतं, म्हणजे शेकडो पट रेणू. ते कुठल्याच खळग्याला घट्ट धरून बसत नाहीत, आले-गेले असं चालतं. इतके सैल पाहुणे एकाच घरी थांबत नाहीत. नायट्रस ऑक्साईड आणि झेनॉन तर गाबाकडे जवळपास फिरकत नाहीत, त्यांचा जोर एनएमडीए बंद करण्यावर.

अबोली
५ ऑगस्ट, रात्री ९:००

आणि ‘गुंगला’ म्हणजे काय, हाही वेगवेगळा प्रश्न आहे. आमचं माप मॅक नावाचं. फुप्फुसातल्या ज्या प्रमाणाला निम्मे पेशंट चीर दिल्यावर हलत नाहीत, ते एक मॅक. आयसोफ्लुरेनचं साधारण १.२ टक्के, सेव्होफ्लुरेनचं २, डेसफ्लुरेनचं ६. नायट्रस ऑक्साईडचं १०४ टक्के, म्हणजे खोलीतली सगळी हवा काढून तोच भरला तरी पुरणार नाही. म्हणून तो एकटा कधी वापरत नाही.

आता गंमत बघा, न हलणं हे मेंदूचं कामच नाही. १९९३ मध्ये उंदरांचा पुढचा मेंदू वेगळा करून मॅक मोजला, तो तेवढाच भरला. न हलणं मणक्यातल्या मज्जारज्जूत ठरतं. भान जायला मॅकच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पुरतं, आठवण पुसायला त्याहून कमी. प्रत्येक गोष्टीला वेगळी जागा आणि वेगळी दारं.

माळरान
६ ऑगस्ट, सकाळी ८:३०

डॉक्टर, एक मनात राहिलेलं विचारतो. आमच्या चुलतभावाला चौदा वर्षांपूर्वी हाताचं ऑपरेशन चालू असताना अचानक अंग कडक झालं आणि प्रचंड ताप चढला. तो वाचला नाही. आम्हाला एवढंच सांगण्यात आलं की ‘भूल सोसली नाही’. आता माझ्या मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरतंय.

अबोली
६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

माळरान, फार वाईट वाटलं. ऑपरेशनच्या आधी तुमच्या भूलतज्ज्ञांना ही हकिकत शब्दशः सांगा, आजच फोन करा.

न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते मॅलिग्नंट हायपरथर्मियासारखं वाटतं. हीसुद्धा चॅनलचीच गोष्ट आहे, चेतापेशीऐवजी स्नायूतली. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं, त्याचं दार म्हणजे रायनोडिन रिसेप्टर. काही घराण्यांत या दाराच्या जनुकात दोष असतो. एरवी माणूस धडधाकट. पण सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, हॅलोथेनसारखा गॅस किंवा स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन मिळालं की दार उघडं राहतं, कॅल्शियम वाहत सुटतो, स्नायू आवळतात आणि जळल्यासारखे तापतात. आम्हाला मॉनिटरवर आधी कार्बन डायऑक्साईड चढताना दिसतो, ताप बहुतेक वेळा मागाहून. डँट्रोलिन हे औषध ते दार आवरतं.

दोष वारशाने येतो, बहुतेक वेळा आई-बाप यांपैकी एकाकडून निम्म्या शक्यतेने. प्रोपोफॉल आणि नायट्रस ऑक्साईड अशा माणसांना चालतं, त्यामुळे मुलीचं ऑपरेशन अडायचं कारण नाही. फक्त मशीनमधून गॅसचा अंश काढून तयारी करावी लागते, त्याला वेळ लागतो. म्हणून आधी सांगायचं. भावाच्या सख्ख्या भावंडांनाही कळवा.

माळरान
६ ऑगस्ट, दुपारी १२:२०

फोन केला. त्यांनी तारीख पुढे ढकलली आणि जुनी कागदपत्रं आणायला सांगितली. काकूंकडे एक पिशवी आहे, शोधतो. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी नीट नाव सांगितलं.

गोदाकाठचा
६ ऑगस्ट, रात्री ८:५०

आमच्या मराठवाड्याचा तेव्हाचा राजा निजाम, म्हणून हे सांगावंसं वाटतं. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत तपासला गेला. खर्च निजामाचा, पुढाकार एडवर्ड लॉरी या सर्जनचा. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी सांगितलं की श्वासाकडे लक्ष द्या, हृदयाचं भय नाही. तो निष्कर्ष चुकीचा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये ॲड्रेनलिन मिळालं तर हृदय थरथरून थांबतं. तरी श्वासावर सतत नजर ठेवायची शिस्त त्या कामाने पसरवली, हे मोठंच. लॉरींच्याच हाताखाली रूपाबाई फर्दुनजी शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात.

अबोली
६ ऑगस्ट, रात्री १०:१५

रूपाबाईंचं नाव इथे आलं, फार बरं वाटलं. आमच्या अभ्यासक्रमात मला त्या कुठेच भेटल्या नव्हत्या.

ओंजळ
७ ऑगस्ट, सकाळी १०:४०

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, परवा हर्नियाचं ऑपरेशन आहे. लहान मेंदूवर गॅसचा कायमचा परिणाम होतो असं वाचलं आणि रात्रभर झोप नाही.

अबोली
७ ऑगस्ट, दुपारी ३:००

ओंजळ, ती भीती कुठून आली ते सांगते. अगदी कोवळ्या चेतापेशीत क्लोराईड आतच जास्त असतो, त्यामुळे गाबाचं दार उघडलं की पेशी शांत व्हायच्या ऐवजी पेटते. मोठं होताना हे उलटतं. प्राण्यांच्या पिल्लांना तासन्‌तास गॅस दिल्यावर पेशी मरताना दिसल्या. त्यावरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा वारंवार भूल देताना विचार करा.

मग ७२२ बाळांवरचा अभ्यास २०१९ मध्ये पूर्ण झाला. सगळी हर्नियाचीच ऑपरेशनं. निम्म्यांना सेव्होफ्लुरेन, निम्म्यांना जागेपणी पाठीतून सुई. सेव्होफ्लुरेनची भूल सरासरी तासाभराच्या आतली. पाचव्या वर्षी बुद्ध्यांक मोजला, फरक नव्हता. तुमचा मुलगा त्या बाळांपेक्षा मोठा आहे आणि ऑपरेशन तेवढंच छोटं. निर्धास्त जा.

उठल्यावर तो अर्धा तास ओळख नसल्यासारखा रडेल, हातपाय झाडेल. सेव्होफ्लुरेनमध्ये लहान मुलांचं असं होतं. कदाचित सगळी दारं एकाच वेळी पूर्वपदावर येत नसावीत. त्याला जवळ घेऊन बसा.

ओंजळ
९ ऑगस्ट, रात्री ९:३०

झालं. मला आत येऊ दिलं होतं. मशीनवर पिवळ्या पट्टीचं यंत्र होतं, डॉक्टरांनी त्याची चकती फिरवली आणि मास्क त्याच्या नाकाजवळ धरला. तो मला गाडीचं नाव सांगत होता, नाव अर्धंच राहिलं आणि हातातली गाडी सुटली. त्या वेळी मला ते रेणू आठवले, कुठेकुठे जाऊन बसत असतील ते.

चाळीस मिनिटांनी बाहेर आणलं. तुम्ही सांगितलं तसंच रडला, मला ढकललं. मी धरून बसले. वीसेक मिनिटांनी गाडी मागितली. मी पापा घ्यायला वाकले तर त्याच्या श्वासाला अजून तो गोडसर वास येत होता.

अबोली
९ ऑगस्ट, रात्री ९:५५

तो सेव्होफ्लुरेनच. शरीर त्यातलं फार थोडं मोडतं, बाकी सगळं आलं त्याच वाटेने श्वासातून परत जातं. उद्या सकाळी वास नसेल.